सुपरचार्ज्ड मरीन इंजिनात पिस्टन रिंगचा गॅप: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

बोटीचं इंजिन स्वतः बांधणारे लोक जे विचारतात तेच इथे एकत्र केलंय. सुपरचार्जर किंवा ब्लोअर म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, आणि त्याने हवेला मिळणारा जास्तीचा दाब म्हणजे बूस्ट. आकडे मिलिमीटरमध्ये आहेत, जिथे थाउ म्हटलंय तिथे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे साधारण ०.०२५ मिमी.

१. रिंग गॅप म्हणजे नेमका कुठला गॅप? खाचेतला की टोकांमधला?

टोकांमधला. रिंग (पिस्टनच्या खाचेत बसणारं कडं) एका जागी कापलेली असते, ती बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) बसवली की कापलेल्या दोन टोकांमध्ये जी फट उरते तो गॅप. खाचेत रिंगला वर-खाली जी मोकळीक असते तो साइड क्लिअरन्स, साधारण ०.०४ ते ०.०८ मिमी, तो वेगळा विषय आणि तो कानस लावून जमवायचा नसतो. फट ठेवायचं कारण एकच, रिंग तापली की लांब होते आणि लांब व्हायला तिला त्या फटीशिवाय दुसरी जागा नाही. फट संपून टोकाला टोक भिडलं की रिंग सिलिंडरच्या भिंतीवर फाकते, तिथे तेलाचा थर तुटतो, भिंतीवर ओरखडे येतात, आणि पिस्टन वर जात असताना रिंग अडकली तर रिंगच्या वरचा पिस्टनचा कडाच उखडून येतो. हे सगळं व्हायला काही सेकंद पुरतात.

२. माझ्या गाडीत हेच इंजिन आहे, त्याचाच गॅप बोटीत ठेवला तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे म्हणून जरा लांब उत्तर देतो.

गाडीचं इंजिन फुल लोडवर किती वेळ असतं? ओव्हरटेक करताना दहा-पंधरा सेकंद, मग पाय उचलला की पिस्टन-रिंगा थंड व्हायला लागतात. बोटीला हे सुख नाही. प्रॉपेलर सतत पाणी कापतोय, उतार कधी येतच नाही, म्हणजे गाडी दिवसभर वरच्या गिअरमध्ये चढ चढत राहिली असं समजा. थ्रॉटल उघडून अर्धा तास धरला तर अर्धा तास लोड आहे, आणि त्या काळात पिस्टनमधली उष्णता साठत साठत रिंगपर्यंत पोचते. गाडीत जो गॅप 'कसाबसा पुरला' तो इथे पुरत नाही.

दुसरी गोष्ट ब्लॉकची. कच्चं पाणी (समुद्राचं किंवा तलावाचं) थेट ब्लॉकमधून फिरवणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट ६० अंशांच्या आसपासचा लावतात, कारण खारं पाणी त्यापेक्षा जास्त तापलं की क्षार आत चिकटायला लागतात. गाडीत तेच ८० ते ९० अंश. म्हणजे बोटीत आतली रिंग जास्त तापलेली आणि तिच्या भोवतीचा सिलिंडर मात्र तुलनेने थंड, कमी फुगलेला. १०८ मिमी बोअर (म्हणजे व्यास) घ्या, परीघ साधारण ३३९ मिमी. भिंत २५ ते ३० अंश थंड राहिली तर नुसत्या त्यामुळेच परिघात ०.१ मिमीच्या आसपास जागा कमी मिळते. सुपरचार्जरचा हिशेब अजून केलाच नाहीये, तो पुढच्या प्रश्नात.

३. सुपरचार्जरमुळे रिंगला नेमकं काय होतं? प्रेशर वाढतं म्हणून गॅप वाढवायचा का?

प्रेशरमुळे नाही, उष्णतेमुळे. उलट सिलिंडरमधलं प्रेशर रिंगच्या मागे जाऊन तिला भिंतीला दाबून धरतं, सील तर त्यानेच होतं. पण जास्त हवा म्हणजे जास्त इंधन, म्हणजे दर वेळी जास्त उष्णता, आणि पिस्टनमधली उष्णता बाहेर जायचा एक मोठा रस्ता वरच्या रिंगमधून सिलिंडरच्या भिंतीत जातो. वरची रिंग म्हणजे एका बाजूने तापणारा आणि दुसऱ्या बाजूने उष्णता पुढे ढकलणारा हमाल.

हिशेब सोपा आहे. लोखंड दर अंशाला स्वतःच्या लांबीच्या साधारण एक कोटी भागातले १२० भाग वाढतं. वरच्याच १०८ मिमी बोअरची रिंग भिंतीपेक्षा १०० अंश जास्त तापली तर ०.४ मिमी लांब होते, १५० अंश जास्त तापली तर ०.६. आता कळलं असेल की ०.४५ चा गॅप घेऊन कुणी ब्लोअर लावून निघाला तर त्याचं काय होणार.

४. गोल गोल नको, आकडा सांगा. वरच्या रिंगला किती?

पहिला आकडा पिस्टनबरोबर किंवा रिंगांच्या डब्यात आलेल्या कागदावरचा. तो कागद फेकू नका, डबा उघडल्यावर सगळ्यात आधी हरवणारी वस्तू तीच असते. त्यात 'मरीन' आणि 'सुपरचार्ज्ड' अशा वेगळ्या ओळी असतील तर दोन्हीतला मोठा आकडा घ्या.

कागद नसेल तर अंदाजाला बोअरचा गुणक वापरतात, बोअर मिमीमध्ये असो की इंचात, गुणक तोच. साध्या, ब्लोअर नसलेल्या रस्त्यावरच्या इंजिनाला वरच्या रिंगसाठी ०.००४ ते ०.००४५. ब्लोअर असला की ०.००५५ पासून ०.००७० पर्यंत, बूस्ट आणि वापर बघून. बोटीत मी सहसा ०.००६० च्या खाली जात नाही (अपवाद प्रश्न १३ मध्ये). १०८ मिमीला गुणलं की ०.६५ मिमी, म्हणजे २६ थाउ. बूस्ट बऱ्यापैकी असेल आणि बोट तासन्‌तास पळवायची असेल तर ०.००६५, म्हणजे ०.७० मिमी.

पहिल्यांदा ०.७० चं मोजायचं पातं रिंगच्या फटीत शिरताना बघून पोटात गोळा येतो हे मान्य. पुढचा प्रश्न वाचा.

५. एवढी मोठी फट ठेवली तर कॉम्प्रेशन निघून जाणार नाही का? पॉवर पडेल ना?

थंड इंजिनात जी फट दिसते ती चालू इंजिनात नसते, हे डोक्यात बसलं की अर्धी भीती जाते. ०.७० ची फट लोडवर ०.१ नाहीतर ०.२ उरते. आणि गॅस निघायचं भोक म्हणजे रिंगची पूर्ण जाडी नव्हे, फटीची रुंदी गुणिले पिस्टनचा कडा आणि भिंत यांच्यातली मोकळीक, तेवढंच. ते भोक फारच लहान असतं, आणि इंजिन मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्या मारत असताना गॅसला त्यातून निसटायला वेळही मिळत नाही.

०.१ मिमी जास्त ठेवला तर फारतर थंड असताना ब्लो-बाय (रिंगांवरून खाली निसटणारा गॅस) थोडा जास्त, तेल थोडं लवकर काळं. ०.१ मिमी कमी ठेवला तर पिस्टन, बोअर आणि आख्खा सीझन. मला विचाराल तर या दोन पारड्यांत तुलनाच नाही, पण लोक तरीही घट्ट ठेवतात कारण घट्ट म्हणजे चांगलं असं आपल्या हाताला वाटत असतं.

६. दुसऱ्या रिंगचा गॅप वरच्यापेक्षा कमी की जास्त? जुन्या माणसांनी कमी सांगितलंय.

जुन्या माणसांचं कारण चुकीचं नव्हतं, दुसरी रिंग कमी तापते म्हणून तिला कमी गॅप पुरतो. पण वरच्या रिंगमधून जो थोडा गॅस खाली येतो तो दोन रिंगांच्या मधे अडकला तर तिथे प्रेशर साठतं, वरची रिंग खाचेत खालच्या बाजूला टेकून राहायला हवी ती उचलली जाते, फडफडते, आणि सील सुटतं. म्हणून दुसऱ्या रिंगला बाहेर पडायची वाट जरा मोठी ठेवायची. दुसऱ्या रिंगचं मुख्य काम तसंही तेल खरवडायचं आहे. आजकाल बरेच उत्पादक दुसरीला वरचीइतका किंवा थोडा जास्त गॅप सांगतात, मी वरची ०.६५ असेल तर दुसरी ०.७० ठेवतो. तुमच्या सेटच्या कागदावर वेगळं असेल तर कागद ऐका, कारण रिंगचा आकार त्या हिशेबाने केलेला असतो.

७. ऑइल रिंगच्या पट्ट्यांचाही गॅप जमवायचा का?

तपासायचा, जमवायची वेळ क्वचित येते. दोन्ही पातळ पट्ट्यांना किमान ०.३८ मिमी (१५ थाउ) हवा, जास्त असला तरी हरकत नाही. मधल्या जाळीदार स्प्रिंगची टोकं एकमेकांना टेकलेली हवीत, एकावर एक चढलेली नकोत, ही चूक बसवताना सर्रास होते आणि मग निळा धूर.

८. मोजायचा कसा? मला दर वेळी वेगळा आकडा येतो.

वेगळा येतो कारण रिंग तिरकी बसलीय. रिंग बोअरमध्ये हाताने घाला, मग उलट्या पिस्टनने किंवा रिंग सरळ करायच्या टूलने वरच्या कडेपासून साधारण २५ मिमी खाली सारखी ढकला. पिस्टनने ढकलत असाल तर पिस्टनच्या दुसऱ्या खाचेत एक जुनी रिंग ठेवा, ती डेकवर (ब्लॉकच्या वरच्या सपाट तोंडावर) टेकली की खोली आपोआप सगळीकडे सारखी येते. मग फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच. पातं हलक्या ओढीने सरकायला हवं, कोंबायचं नाही, आणि त्यापेक्षा एक थाउ जाड पातं जाता कामा नये.

बोअर वापरलेला असेल तर वर रुंद, खाली अरुंद असा निमुळता झालेला असू शकतो, तिथे सगळ्यात अरुंद जागी मोजा. आणि ब्लॉक टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावून होन केलेला (बोअर आतून दगडाने घासून मापाला आणलेला) असेल तर मोजतानाही ती प्लेट लावलेली बरी, हेडचे बोल्ट आवळल्यावर बोअरचा आकार थोडा बदलतो.

प्रत्येक रिंग तिच्या स्वतःच्या सिलिंडरमध्येच मोजायची आणि लगेच पिशवीवर नंबर टाकून ठेवायची. आठ सिलिंडर म्हणजे सोळा रिंगा, लक्षात राहतील असं वाटतं पण राहत नाहीत.

९. सेटवर 'गॅप केलेला आहे' असं लिहिलंय. तरी मोजू?

मोजा. तो गॅप ठरावीक बोअरसाठी आणि बहुतेक वेळा बिनब्लोअरच्या गाडीसाठी केलेला असतो. मी एकदा घाईत असा सेट सात सिलिंडरना मोजून आठव्याला तसाच बसवायला निघालो होतो, सगळ्या एकाच डब्यातल्या म्हणून. मन खात होतं म्हणून मोजली तर नेमकी तीच सहा थाउ कमी निघाली, कोणाचा हात कुठे चुकला देव जाणे.

ब्लोअरसाठी घासून जमवायच्या रिंगा घ्या. त्या मुद्दाम बोअरच्या मापापेक्षा साधारण पाच थाउ मोठ्या येतात, म्हणून सुरुवातीला फट जवळजवळ दिसतच नाही, त्याने घाबरू नका.

१०. घासायची रीत काय? साधी कानस चालेल?

चालेल, पण रिंग घासायचं हाताने फिरवायचं मशीन मिळालं तर काम सरळ होतं. नियम थोडेच आहेत. एकाच टोकावर घासा, दुसरं कंपनीने केलेलं सरळ टोक तसंच राहू द्या म्हणजे तुम्हाला ताडून बघायला काहीतरी असेल. घासायची दिशा नेहमी रिंगच्या बाहेरच्या तोंडाकडून आतल्या बाजूला, कारण बाहेरच्या तोंडावर मॉलीचा (मॉलिब्डेनमचा) किंवा क्रोमचा थर असतो आणि आतून बाहेर घासलं की तो टवका उडतो. थोडं घासा, बोअरमध्ये घाला, मोजा, परत घासा. शेवटच्या दोन-तीन थाउना तर दोन फेऱ्या झाल्या की थांबून मोजायचं.

दोन्ही टोकं दाबून जवळ आणा आणि उजेडात धरा, मधली रेघ वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची दिसली पाहिजे. शेवटी बारीक दगडाने किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने कडांवरची बर (घासल्यावर उरलेली बारीक धार) फक्त काढा, कडा गोल करायच्या नाहीत.

११. रिंगा जमवून ठेवल्या आणि नंतर ब्लॉकवाल्याने अजून थोडं होनिंग केलं. परत मोजू का?

हो, सगळ्या. व्यास जेवढा वाढतो त्याच्या ३.१४ पट गॅप वाढतो. ०.०२ मिमी होन केलं तर गॅप ०.०६ ने मोठा झाला. म्हणून क्रम कायम हाच: शेवटचं होनिंग, धुणं, आणि मग रिंगा.

१२. हात घसरला, गॅप ठरवल्यापेक्षा जास्त झाला. रिंग फेकू?

०.०५ ते ०.१० मिमीने जास्त झाला असेल तर बसवा आणि विसरून जा, कारण प्रश्न ५ मध्ये आहे. त्याहून बराच जास्त असेल तर एक सुटी रिंग मागवा. पुढच्या मापाची रिंग आणून घासून बसवायचा जुगाड करू नका, पाव मिलिमीटर मोठ्या बोअरची रिंग तुमच्या मापाला आणायला पाऊण मिलिमीटरच्या वर घासावं लागतं आणि मग ती बोअरमध्ये नीट गोल बसत नाही, एका बाजूने उजेड दिसतो.

१३. इंटरकूलर आहे आणि बूस्टही जेमतेम ६ पीएसआय. मग तरी एवढा गॅप लागतो?

थोडा कमी चालेल, गुणक ०.००५५ ते ०.००६०. समुद्राच्या किंवा तलावाच्या पाण्यावर चालणारा इंटरकूलर हवा छान थंड करतो हे खरं. पण त्याचं पाणी शेवाळ, वाळू, प्लॅस्टिकच्या तुकड्याने अडलं तर आत शिरणारी हवा तापते आणि तुम्हाला कळेपर्यंत वेळ गेलेला असतो. मी गॅप ठरवताना इंटरकूलर आहे असं धरतो, पण तो आज बरा चालतोय असं धरत नाही.

आणि छोटी पुली लावून बूस्ट पुढे वाढवायचा विचार मनात असेल (असतोच), तर आत्ताच त्या हिशेबाने जमवा, पुली बदलायला अर्धा तास लागतो, रिंगसाठी आख्खं इंजिन खोलावं लागतं.

१४. पिस्टन फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आहेत की हायपरयुटेक्टिक यावर गॅप बदलतो का?

बदलतो. हायपरयुटेक्टिक म्हणजे सिलिकॉन जास्त असलेले ओतीव पिस्टन, हे उष्णता वरच अडवून धरतात आणि काहींची वरची रिंग पिस्टनच्या अगदी माथ्याजवळ असते, त्यामुळे रिंग जास्त तापते आणि उत्पादक नेहमीपेक्षा बराच मोठा गॅप सांगतात. अशा पिस्टनला टोकं भिडली तर धातू वाकत नाही, सरळ तुकडा उडतो. ब्लोअरच्या बोटीत मी ते वापरणारच नाही, पण आधीच बसवलेले असतील तर उत्पादकाचा आकडा सोडून एक थाउही कमी करू नका.

फोर्ज्डमध्ये २६१८ मिश्रधातूचा पिस्टन ४०३२ पेक्षा जास्त फुगतो, पण त्याचा परिणाम मुख्यतः पिस्टन आणि भिंतीतल्या मोकळिकीवर होतो, रिंगच्या गॅपवर नाही. लोक हे दोन गॅप एकमेकांत मिसळतात.

१५. गॅपलेस रिंग घेतली की हा सगळा व्याप संपतो ना?

संपत नाही, तिच्यातही गॅप असतोच, फक्त दोन भाग एकमेकांचा गॅप झाकतात आणि दोन्ही भागांना वाढायला जागा द्यावीच लागते. ती दुसऱ्या खाचेत बसवली तर प्रश्न ६ मधली अडकलेल्या गॅसची भानगड परत येते, त्यामुळे बसवायचीच असेल तर वरच्या खाचेत.

१६. पिस्टनवर बसवताना गॅप कुठल्या दिशेला ठेवायचे?

वरच्या आणि दुसऱ्या रिंगचे गॅप एकमेकांसमोर, १८० अंशांवर, आणि पिस्टन भिंतीवर रेटतो त्या बाजूंना नकोत. यावर रात्र जागवू नका, चालू इंजिनात रिंगा फिरतातच. त्यापेक्षा ठिपका किंवा खूण असलेली बाजू वर आहे का ते दोनदा बघा, दुसरी रिंग उलटी बसली तर ती तेल खरवडायच्या ऐवजी वर चढवते.

१७. इंजिन खोललं, रिंगची टोकं चमकतायत. याचा अर्थ काय?

टोकं भिडली होती. न भिडलेल्या टोकांवर काजळी किंवा घासल्याच्या खुणा तशाच असतात, भिडलेली आरशासारखी होतात. इतक्यावरच वाचला असाल तर नशीब, बोअर तपासा आणि नव्या रिंगांना निदान ०.१ मिमी जास्त द्या.

पण आधी कारण शोधा. एकाच सिलिंडरची टोकं चमकत असतील तर गॅपपेक्षा त्या सिलिंडरचा इंजेक्टर, मिश्रण, पाण्याचा रस्ता बघा. पिस्टनच्या डोक्यावर मिठाच्या दाण्यांसारखे खड्डे असतील तर ते डिटोनेशन (मिश्रण नीट जळण्याऐवजी स्फोटासारखं पेटणं), बोटीत एक्झॉस्टच्या आवाजात ते ऐकूच येत नाही, आणि त्यावर कुठलाही गॅप औषध नाही. टायमिंग कमी करा, इंधन चांगलं भरा, बूस्ट उतरवा. वरची रिंग साध्या ओतीव लोखंडाची असेल तर तीही बदला, डिटोनेशनमध्ये ती तुटते, डक्टाइल लोखंडाची किंवा स्टीलची टिकते.

१८. नवीन इंजिनाची लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून किती निसटते ते बघायची) वाईट आली. गॅप जास्त ठेवल्यामुळे?

थंड इंजिनावर केली असेल तर काही अंशी हो, गॅप पूर्ण उघडा असतो. इंजिन पूर्ण गरम करून लगेच परत करा. शिवाय नव्या रिंगा बसायला काही तास लागतात, तेही मिनरल तेलावर आणि लोड कमी-जास्त करत. धक्क्याला बांधून नुसतं आयडलवर तासभर ठेवलं तर रिंगा बसत नाहीत, उलट भिंत गुळगुळीत होऊन बसते आणि परत होनिंगची पाळी येते. आकडा तरीही वाईटच असेल तर हवा कुठून येतेय ते ऐका: तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, एक्झॉस्टमधून किंवा हवेच्या तोंडातून आली तर व्हॉल्व्ह.

१९. माझ्याकडे जुनं टू-स्ट्रोक डेट्रॉइट डिझेल आहे, त्यालाही ब्लोअर आहे. हेच आकडे?

नाही. त्या इंजिनाचा ब्लोअर मुळात बूस्टसाठी नाहीच, तो जळलेला धूर बाहेर ढकलून सिलिंडरमध्ये ताजी हवा भरतो, त्याच्याशिवाय इंजिन चालूच होणार नाही. गंमत म्हणजे पेट्रोलच्या रेसिंग इंजिनांवर दिसणारा ६-७१ ब्लोअर याच घराण्यातला, सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ घनइंच म्हणून ते नाव, ही ७१ मालिका १९३८ पासूनची. तिथल्या रिंगा लायनरमधल्या (सिलिंडरच्या आतल्या नळीतल्या) हवेच्या खिडक्यांवरून वर-खाली जातात, पिस्टनवर रिंगा जास्त असतात आणि प्रत्येकीचा गॅप सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा दिलेला असतो. पेट्रोल इंजिनाचा गुणक तिथे लावायचा नाही. मोजायची रीत मात्र प्रश्न ८ मधलीच, फक्त रिंग खिडक्यांच्या ओळीवर ठेवून मोजू नका.